मडकं अजून खांद्यावर होतं

मांडीत रॉड टाकून घरी आलेल्या माणसाला सगळे सांगतात, दूध पी, उन्हात बस, धीर धर. रॉड तुटू शकतो हे कुणी सांगत नाही. मी सांगतो, कारण माझा तुटला. तुम्हाला घाबरवायचं नाही. तुटल्यावरही पुन्हा उभं राहता येतं, तेच सांगायचंय. पण मधल्या भानगडी गाळून सांगितलं तर ते खोटं होईल. म्हणून जसं झालं तसं लिहितो. ज्यांना असल्या गोष्टींची भीती वाटते त्यांनी मसणवट्याचा भाग सोडून वाचलं तरी चालेल.

कळतंय हाच ताप

मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टेस्टिंगला आहे. गाड्यांचे सुटे भाग मशीनमध्ये धरायचे आणि तुटेपर्यंत हलवत राहायचं, हे माझं काम. लोकांना वाटतं, धातू एकदम जोर दिल्यावर तुटतो. तसं क्वचितच होतं. रोज थोडा थोडा जोर येतो, कुठंतरी केसाएवढी चीर पडते, ती रोज थोडी सरकते, आणि मग एक दिवस साध्या धक्क्यानं तुकडा हातात येतो. आमच्यात त्याला माल थकला म्हणतात.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भेटायला गावी निघालो होतो. आमचं गाव बिडकीनच्या पुढं, पैठणच्या अंगाला. रस्त्यावर खडी सांडलेली होती, गाडी घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. हाडाच्या पोकळीतून लांब रॉड घातला आणि वर-खाली स्क्रूनं अडकवला.

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी पलंगाशी बसून समजावलं. रॉड म्हणजे नवीन हाड नव्हे, हाड जुळेपर्यंतचा टेकू आहे. हाड जुळलं की भार हाडावर जातो आणि रॉडची सुटका होते. जुळायला उशीर झाला तर सगळा भार एकट्या रॉडवर राहतो, आणि मग रॉड किती दिवस काढेल ते सांगता येत नाही.

माझी बायको सुमन म्हणाली, "बरं झालं, यांना यातलं कळतं." कळतं हाच तर ताप होता. दुसरे पेशंट चालायचे तेव्हा चालायचे. मी पाऊल टाकलं की मला आमचं मशीन दिसायचं.

काही महिन्यांनी एक्स-रेचा फोटो काढला तर मोडलेल्या जागी फट तशीच काळी. "हाड आळस करतंय," डॉक्टर म्हणाले. "वॉकर सोडू नका, अर्धाच भार द्या, महिन्यानं बघू." त्या महिन्यातच आण्णा गेले.

मसणवट्यात

माझा धाकटा भाऊ बापू. गावी राहतो, शेती बघतो, आईवडीलही त्याच्याकडंच होते. आम्ही पोचलो तेव्हा आण्णांना अंगणात ठेवलं होतं. आमच्याकडं बापाला पाणी थोरल्यानं द्यायचं आणि आईला धाकट्यानं, अशी रीत. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेला फेऱ्या मारायच्या. प्रत्येक फेरीला मागून एकजण दगडानं मडक्याला भोक पाडतो, पाणी सांडत जातं. शेवटी मडकं मागं न बघता पाठीवरून टाकून द्यायचं.

सुमन माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, बापू भाऊजी देतील की पाणी. तुमचा पाय बघा कसाय."

जवळ उभ्या असलेल्या चुलत्यानं ऐकलं. "थोरला जिता असताना?" एवढंच ते म्हणाले. मी बापूकडं पाहिलं, तर तो खाली बघत होता. मी म्हणालो, "आणा मडकं."

मसणवट्याची जमीन नुसती खडकाळ. एका हातानं मडकं धरायचं म्हटल्यावर वॉकर कसा धरणार? तो कुणीतरी बाजूला नेला. बापू दगड घेऊन माझ्या मागं. पहिल्या फेरीला दगड बसला, थंड पाणी पाठीवरून खाली आलं. पाय दुखत होता, पण चालत होता. दुसऱ्या फेरीलाही तसंच. तिसऱ्या फेरीत आण्णांच्या डोक्याकडून वळलो आणि खाडकन आवाज झाला.

मला वाटलं, बापूनं दगड जोरात मारला आणि मडकं फुटलं. लोकांनाही तेच वाटलं. पण मडकं अजून माझ्या खांद्यावर होतं. त्यातलं पाणी पहिल्यासारखंच गळत होतं. हे माझ्या लक्षात आलं तेवढ्यात मांडी मधूनच वाकडी झाली आणि मी चितेच्या कडेला पडलो. मडकं पडलं ते माझ्याबरोबर, माझ्या अंगाखाली.

बांबू

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. गलका झाला. कुणी म्हणालं हलवू नका, कुणी म्हणालं उचला. बापूनं एकट्यानंच हालचाल केली. तिरडी सोडून तिचे बांबू बाजूला टाकले होते. त्यानं एक बांबू कुऱ्हाडीनं उभा चिरला, दोन्ही फाकी माझ्या मांडीच्या दोन बाजूंना लावल्या आणि पंचा फाडून गच्च बांधल्या. मला पडल्या जागी जळती चूड दाखवली, माझा हात तिला लावून घेतला. आग बापूनं दिली. मी टेम्पोच्या हौद्यात आडवा होतो आणि धूर दिसत होता.

शहरातल्या दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरांनी ती बांधणी पाहिली. "कुणी बांधलं हे?" म्हणाले. "चांगलं बांधलंय. हललं असतं तर आतली मोठी नस गेली असती." बांबू कुठला ते आम्ही सांगितलं नाही. सुमननं त्या दोन फाकी बाहेर नेऊन टाकल्या. कुठं टाकल्या ते ती अजून सांगत नाही.

गावात मात्र तेच धरून बसले. तिरडीचा बांबू जित्या माणसाला बांधला. क्रिया अर्धी, मडकं नीट टाकलं नाही, त्यात हा बांबू. बापूचं तोंड बघायला लोक तयार नव्हते. ज्यानं माझा पाय वाचवला त्याच्याच नावानं बोटं मोडली जात होती, आणि मी इथं सलाईन लावून पडलेलो.

वॉर्डातल्या दुपारी

दुसरं ऑपरेशन मोठं झालं. तुटलेल्या रॉडचे तुकडे काढले, जास्त जाड रॉड घातला, कमरेच्या हाडाचा चुरा काढून फटीत भरला. मग वॉर्ड. सकाळी सहाला चहा, मग अंग पुसायचं, मग ड्रेसिंग, मग राऊंड. राऊंड झाला की दुपार, आणि ती दुपार काही केल्या संपायची नाही.

त्या दुपारींनी मला छळलं. नातेवाईक खाली जेवायला गेलेले, पंख्याचा आवाज, आणि माझ्या मांडीला कुणीतरी पकडून बसलेलं. दुखणं वेगळं असतं, ते मला एव्हाना चांगलं कळत होतं. ही पकड होती. बरोबर तिथंच, जिथं त्या फाकी बांधल्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, पट्टी घट्ट झाली असेल. त्यांनी पट्टी सैल करून दिली. पकड तशीच राहिली. देव-भूत न मानणारा माणूस मी. पण दुपारी दोनला भर उजेडात मी चादर उचलून बघायचो.

आण्णांचं दहावं, तेरावं उरकून आई आली. आम्ही तिला माय म्हणतो. ती पलंगाच्या पायथ्याशी बसली. माझ्या मांडीकडं बघत म्हणाली, "तुजे आण्णा पाय धरून बसलेत. अर्ध्यावर सोडलंस ना त्यांला."

मी तिला पकडीबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

सुमन भडकली. "आत्याबाई, आजारी माणसाला असलं काय बोलताव?"

"जे हाय ते बोलले."

त्या दिवसापासून सासू-सुनेचं बोलणं बंद झालं. डबा एकीनं आणायचा, उघडायचा दुसरीनं, मधे मी. माय कुणाकुणाला विचारून यायची, उशाशी अंगारा ठेवायची. सुमन तो झटकून टाकायची. मला दोघींचंही पटायचं, हे कुणाला सांगणार? बापू एकदाही आला नाही. फोन केला तर त्याची बायको उचलायची, ते रानात गेलेत म्हणायची.

तरी वॉर्डात चांगलंही काही होतं, ते सांगायला हवं. शेजारच्या खाटेवर खुब्याचं ऑपरेशन झालेले एक चाचा होते. दुपारी मी जागा आहे असं दिसलं की ते झोपेतून उठून बसायचे आणि त्यांच्या मरून गेलेल्या घोड्याच्या गोष्टी सांगायचे. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे. मला विचारलं मात्र कधी नाही.

वजनकाटा

शहरात गारखेड्याला आमच्या घरी आलो. मायही आमच्याकडंच राहिली. फिजिओथेरपीच्या नसरीन मॅडम घरी यायच्या. तरुण बाई, पण आवाज असा की जिन्यातली माणसंही सरळ उभी राहावीत. डॉक्टरांनी या वेळी उलटं सांगितलं होतं. भार द्यायचा, रोज थोडा वाढवायचा. हाडाला काम मिळालं तरच हाड धरतं. नुसतं जपून ठेवलं तर ते जुळणार नाही, आणि जुळलं नाही तर हाही रॉड पहिल्याच्या वाटेनं जाईल. "मग पुढं काय?" मी विचारलं होतं. "ती वेळ येऊ देऊ नका," डॉक्टर म्हणाले. पुढं काय ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मी वॉकर धरून घरभर फिरायचो. सुमन कौतुक करायची. नसरीन मॅडम दोन दिवस नुसत्या बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी वजनकाटा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काका, दुखरा पाय याच्यावर ठेवा. द्या वजन."

मी दिलं. म्हणजे दिल्यासारखं केलं. काटा जागचा जेमतेम हलला.

"माशाल्ला," त्या म्हणाल्या. "इत्ता तो मेरे बच्चे का बस्ता रहता. सगळं वजन हातावर घेता तुम्ही. टेस्टिंगवाले हो के मशीन को उल्लू बनारे?"

सुमन हसली. मलाही हसू आलं, पण काट्याकडं बघितल्यावर ते विरलं. मला चांगलं माहीत होतं की भार दिला नाही तर मी कायमचा अपंग होणार. तरी पाय टेकवला की कानात तो आवाज व्हायचा. खाडकन. आणि पकड आवळायची. भार निघून आपोआप हातांवर जायचा, मी काही करायच्या आधीच. रोज काटा समोर यायचा आणि रोज मी हरायचो. नसरीन मॅडमची थट्टा हळूहळू बंद झाली. मला ती थट्टाच बरी वाटायची.

तुकडा

दवाखान्यानं काढलेल्या रॉडचे तुकडे पिशवीत घालून दिले होते. सुमननं ते माळ्यावर टाकले होते. मी मागितले तर म्हणाली, "कशाला आता?" मी हट्टच धरला. बाल्कनीच्या उन्हात बसून भिंग लावलं आणि तुटलेलं तोंड बघितलं.

आमच्या कामात हे तोंड वाचता येतं. चीर हळूहळू सरकली असेल तर तेवढा भाग गुळगुळीत असतो, त्यावर बारीक रेघा असतात. एकदम तुटलेला भाग खरबरीत. माझ्या रॉडची चीर स्क्रूच्या भोकापासून निघाली होती. जवळजवळ सगळं तोंड गुळगुळीत होतं. खरबरीत भाग एका कडेला, नखाएवढा. म्हणजे मडकं उचललं तेव्हा रॉड जवळपास संपलेलाच होता. त्या दिवशी नसता तर त्याच आठवड्यात संडासला जाता-येता तुटला असता.

मी भिंग खाली ठेवलं. मग सुमनला म्हणालो, "बापूला बोलाव. नाही म्हणाला तर त्याच्या बायकोला सांग, दादा रडतोय." रडत नव्हतो, पण तेवढ्यानं तो येणार हे मला माहीत होतं.

रविवारी बापू आला. पिशवीभर वांगी दारात ठेवली आणि दारापाशीच टेकला. किती वाळला होता. मी त्याला जवळ बोलावलं, तुकडा त्याच्या हातात दिला, भिंग दिलं. "हे बघ, एवढं सगळं आधीच गेलेलं. तुझा काय दोष नाही. बांबू बांधला म्हणून तर पाय राहिला, डॉक्टर स्वतः म्हणले."

त्यानं तुकडा फिरवून फिरवून बघितला आणि खाली ठेवला.

"दादा, लोखंडाचं मला नको सांगू," तो म्हणाला. "आण्णा जायच्या आधी मला म्हणले व्हते. दादाचा पाय कच्चा हाय, त्याला उभं करू नको, पाणी तूच दे. दोनदा म्हणले."

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. "कामून बोलला नाहीस?"

"काय बोलू? रान मीच करतो, घर मीच वापरतो. त्यात पाण्याचा मान बी घेतला आसता तर लोक म्हणले आसते, धाकट्यानं बापाच्या मरणात बी डाव साधला. आण्णा म्हणले व्हते हे कुणाला खरं वाटलं आसतं?"

"आणि माझा पाय गेला तरी चाललं?"

"नाय ना चाललं. म्हणून तर यीत नव्हतो."

माझा संताप झाला, आणि त्याच वेळी असं वाटलं की छातीवरचं काहीतरी उतरलं. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिला म्हणालो, "ऐकलंस माय? आण्णा पाय धरून बसलेत म्हणत होतीस. त्यांना तर मला उभंच करायचं नव्हतं. ते कशाला धरतील माझा पाय?"

तिनं पदर तोंडाशी धरला आणि म्हणाली, "मला बी म्हणले व्हते."

"तुला कव्हा?" बापूनं विचारलं.

"ह्याच्या आधी मला म्हणले. म्या म्हणलं, थोरला पोरगा आसताना धाकट्याच्या हातचं पाणी? लोकात तोंड कुठं दावायचं? त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. तू पडला तव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाय. म्हणून त्यांच्यावर ढकललं."

मी उठलो. कशासाठी ते मला आजही सांगता येत नाही. तिला काही बोलायला, की तिथून निघून जायला. वॉकर पलीकडं भिंतीशी होता, हे उठल्यावर लक्षात आलं. दोन्ही पायांवर उभा होतो मी, सगळा भार त्या मांडीवर. दुखत होतं, फार दुखत होतं. मी आवाजाची वाट बघत तसाच उभा राहिलो. आवाज आला नाही. बापू धरायला पुढं आला तर मी म्हणालो, "थांब. धरू नको." तिथंच उभा राहून मी रडलो आणि सुमननं खुर्ची पुढं केली तेव्हा बसलो.

त्यानंतर काटा रोज थोडा पुढं सरकत गेला. नसरीन मॅडमची जीभ पुन्हा सुरू झाली. फटीच्या जागी फोटोत आधी धुरकट दिसलं, मग पांढरं. आता मी काठीशिवाय चालतो, कामावरही जातो. तुमच्यापैकी कुणी भीतीपोटी भार द्यायचं टाळत असेल तर त्यानं हे डॉक्टरला स्पष्ट सांगावं. त्यात लाज नाही. एकट्यानं ती भीती जात नाही.

मांडीवरची पकड गेली. माय आमच्याकडंच आहे, सुमन तिच्याशी बोलते, बापू येतो-जातो. मी माझ्या आईवर रागावलेलो नाही. पण आण्णांनी मरताना एकच गोष्ट मागितली होती, तीही स्वतःसाठी नाही, माझ्या पायासाठी. एकानं ऐकून गप्प राहायचं ठरवलं, दुसरीनंही तेच केलं, आणि मला कुणी विचारायच्या आत मी मडक्याला हात पुढं केला होता. भिंतीकडं तोंड करून ते पडले होते, तेव्हा त्यांना दिसलं असेल का पुढचं सगळं? जिना उतरताना, त्या पायावर पूर्ण भार आला की मी अजून थांबतो. आवाजासाठी नाही. आण्णांना पाय दाखवायला थांबतो.